सातबारा तुमचा, विमा कुणाचा?

मेडिक्लेमचं कार्ड आपण पाकिटात जपून ठेवतो. पण गावाकडच्या वावरावर कुणी परस्पर विमा उतरवलाय का, हे कधी बघितलंय?

तुम्ही हिंजवडीला किंवा नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला. बाबा गावी, केळापूर तालुक्यात. चार एकर वावर, त्यात कपाशी, मधे तुरीची तासं, थोडं सोयाबीन. सातबाऱ्यावर बाबांसोबत तुमचंही नाव. त्याची आठवण येते ती थेट लग्नाचा बायोडेटा करताना! पण दोस्तहो, त्या सातबाऱ्यात तुमच्यापेक्षा जास्त इंटरेस्ट दुसऱ्याच कुणाला असू शकतो.

एक रुपयाची गोष्ट

खरीप २०२३ पासून राज्य सरकारनं एक रुपयात पीकविमा सुरू केला. शेतकऱ्यानं भरायचा फक्त एक रुपया, त्याच्या वाट्याचा बाकी हप्ता सरकार भरणार. कल्पना झकास! त्या खरिपात सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले. यात एक मेख होती. अर्ज भरून देणाऱ्या सीएससी केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळायचे. म्हणजे अर्जदाराला खर्च एक रुपया आणि केंद्राला कमाई चाळीस. बहुतेकांनी सरळ काम केलं. काहींनी मात्र सरकारी जमीन, देवस्थानची जमीन, पडीक रान... काही म्हणजे काही सोडलं नाही.

तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ४ लाख अर्ज बोगस आढळल्याचं सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं एक रुपयाची योजना गुंडाळली. त्या खरिपापासून पुन्हा जुना नियम आला. खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्के आणि कपाशीसारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याच्या खिशातून.

‘आपलं काय जातं?’

बरंच काही जातं. पीकविम्यात प्रत्येकाचं वावर वेगळं मोजलं जात नाही. मुख्य पिकांसाठी महसूल मंडळ हे एक युनिट असतं. मंडळात पीक कापणी प्रयोग होतात, उत्पन्न ठरलेल्या पातळीखाली आलं, की विमाधारकांना भरपाई. म्हणजे ज्यानं बीच पेरलं नाही, तोही खऱ्या शेतकऱ्याच्या रांगेत उभा!

शिवाय पंतप्रधान पीकविमा योजनेत एक नियम आहे. पेऱ्यापेक्षा विमा उतरवलेलं क्षेत्र जास्त निघालं, तर विमा रक्कम त्या प्रमाणात कमी करता येते. समजा, मंडळात कपाशीचा पेरा १,००० हेक्टर आणि विमा १,२५० हेक्टरवर. मग १०० रुपयांचे होतात ८०. बोगस अर्ज कुणाचाही असो, कात्री बाबांच्या भरपाईलाही लागते.

ओळखायचं कसं?

• ई-पीक पाहणी बघा. सातबाऱ्यावर सोयाबीन आणि अर्जात दुसरंच पीक, तर काहीतरी गडबड आहे.
• क्षेत्र ताडून पाहा. अर्जातलं क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त, किंवा एकाच गटावर दोन अर्ज, हा धोक्याचा कंदील.
• तुम्ही वावर कुणाला कसायला दिलंच नाही, तरी कुणी तुमच्या गटाचा भाडेकरार जोडलाय? मग थांबून विचारा.
• बाबांना अर्ज न करता विम्याचा मेसेज आला किंवा खात्यात अनोळखी रक्कम जमा झाली, तर ‘लॉटरी लागली’ म्हणून गप्प बसू नका.
• ‘ओटीपी सांगा, विमा करून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजा, ओटीपी नको!

सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो. मात्र शोधताना तालुका ‘केळापूर’ निवडा. तहसील कचेरी पांढरकवड्याला असली, तरी कागदावर तालुका केळापूरच आहे.

तक्रार कुठे?

पहिला फोन १४४४७ या पीकविमा हेल्पलाइनला. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. मग पांढरकवड्याला तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली असते, तिथेही दाद मागता येते. अर्जात गट नंबर, हंगाम, पीक, क्षेत्र लिहा आणि सातबारा जोडा. तुमचीच कागदपत्रं वापरली गेली असतील, तर पोलिसांकडेही जा.

एक पथ्य मात्र पाळा. ‘अमक्यानं घोटाळा केला’ असं गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. कधी कधी गट नंबर टाईप करताना साधी चूकही झालेली असते. संशय लिहायचा, पुरावा जोडायचा, निकाल कचेरीनं द्यायचा.

आणि ‘कशाला लफडं’ म्हणून सोडूनही देऊ नका. २०२५ च्या खरिपापासून बोगस विमा आढळला, तर पाच वर्षं काळ्या यादीत टाकायचा नियम आलाय. कागद तुमचे असतील, तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. त्या वेळी हातात तक्रारीची पोच असलेली बरी. या वीकएंडला मल्टिप्लेक्सचं तिकीट बुक केलंत, की तोच मोबाईल हातात असताना बाबांना एक फोन लावा, “बाबा, यंदा विम्याची पावती कुठे ठेवलीय?”