ओवी मध्येच का तुटली?

आज कॉम्प्युटरबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात जात्यापासून करते.

कारंज्याजवळच्या एका खेड्यात आम्ही एका आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. पंखा बंद केला, कोंबड्यासुद्धा बाहेर हाकलल्या. चाळीस मिनिटं आजी गायली. घरी येऊन ऐकलं तर जागोजागी आवाज तुटलेला. आम्ही माईकला नावं ठेवली, वायर बदलली. दोष निघाला भलतीकडेच. आम्ही थेट पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड केलं होतं.

मळणीयंत्रातून सोयाबीन पडत असतं तेव्हा पोतं धरणारी बाई क्षणभर मागं पडली, की दाणे मातीत सांडतात. इथंही तसंच. माईकमधून आवाज सारखा येत राहतो आणि कॉम्प्युटर तो डिस्कवर भरत जातो. स्वस्त पेन ड्राइव्ह लिहिताना मध्येच अडखळतो, तेवढ्यात आलेला आवाज सांडतो. सोयाबीन वेचता तरी येतं, आवाज नाही. म्हणून रेकॉर्डिंग नेहमी कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर करा, पेन ड्राइव्हवर नंतर कॉपी करा. त्या वेळी व्हिडिओ, इंटरनेट, अपडेट सगळं बंद ठेवा.

दुसरं, जागा बघा. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला सुमारे 10 एमबी खातो, म्हणजे तासाला 600. एकच बाई बोलणार असेल तर मोनो ठेवा, जागा निम्मीच लागते. ऑडॅसिटीसारखे प्रोग्राम काम चालू असताना याहून जास्त जागा घेतात. जुनी फिरती डिस्क काठोकाठ भरली, की तिला एकसलग मोकळी जागा मिळत नाही आणि ती रेंगाळते. आम्ही पाचवा हिस्सा तरी रिकामा ठेवतो. आणि मोठी फाइल पेन ड्राइव्हवर जात नसेल, तर तो 'फॅट 32' पद्धतीचा असेल. त्यात 4 जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. तुकडे करून टाका.

आता धोक्याची गोष्ट. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, फाइल उघडायला फार वेळ लागू लागला, तर दुरुस्तीच्या मागं लागू नका. आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे घ्या. तपासणीचा प्रोग्राम चालवला तर मरणाला टेकलेल्या डिस्कवर आणखी ताण येतो. फाइल चुकून पुसली गेली तर त्या डिस्कवर नवीन काहीच रेकॉर्ड करू नका. जुनी जागा झाकली गेली की परत मिळणं कठीण.

लाइट जाण्याचं तर आपल्याला सांगायलाच नको. लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवा, आणि पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' केल्याशिवाय उपटू नका.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी टेपवर होत्या म्हणून आज त्या बायांचा गळा आपल्याला ऐकू येतो. आपणही दोन प्रती ठेवू या, एक कॉम्प्युटरवर, एक दुसऱ्या बाईच्या घरी.

आम्ही त्या आजीकडे पुन्हा गेलो. तिनं हसून पुन्हा म्हटल्या. पण भावावरची एक ओवी त्या दिवशी तिला काही केल्या आठवली नाही.