अनेक कॅमेरे, एक पडदा

शाळेच्या फाटकावर किंवा बाजारातल्या एखाद्या दुकानात छताजवळ बसवलेला छोटा कॅमेरा तुम्ही पाहिला असेल. कॅमेरा सर्वांना दिसतो. त्याची तार ज्या पेटीत जाते, ती पेटी मात्र सहसा कोणाला दिसत नाही. ती कार्यालयातल्या कपाटात किंवा जिन्याखाली ठेवलेली असते. तिला रेकॉर्डर म्हणतात. कॅमेरा पाहतो आणि रेकॉर्डर ते लक्षात ठेवतो. रेकॉर्डर एकच असेल तर काम सोपे असते. अनेक असले की अडचण सुरू होते.

एका रेकॉर्डरला ठरावीक कॅमेरेच जोडता येतात. कोणाला ४, कोणाला ८, कोणाला १६ किंवा ३२. समजा, एका शाळेने मुख्य इमारतीत १६ कॅमेरे व एक रेकॉर्डर बसवला. दोन वर्षांनी नवी इमारत झाली. तिथे आणखी १६ कॅमेरे व दुसरा रेकॉर्डर आला. पुढे फाटकासाठी ४ कॅमेरे आणि तिसरा रेकॉर्डर घेतला. तो दुसऱ्याच कंपनीचा होता, कारण त्या वेळी तो स्वस्त मिळाला. बहुतेक ठिकाणी असेच घडते. आता शाळेत ३६ कॅमेरे झाले, पण रेकॉर्डर तीन, पडदे तीन आणि खोल्याही तीन. फाटकावरचे चित्र पाहण्यासाठी फाटकाजवळच्या खोलीत जावे लागते. तेवढ्या वेळात नव्या इमारतीकडे कोणाची नजर नसते.

ही सारी चित्रे एका पडद्यावर आणता येतात. त्यासाठी प्रत्येक रेकॉर्डर तारेने शाळेच्या नेटवर्कला जोडतात. टपाल पोहोचण्यासाठी जसा प्रत्येक घराला पत्ता लागतो, तसा नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२१. दुसऱ्या रेकॉर्डरचा शेवटचा आकडा २२ आणि तिसऱ्याचा २३ ठेवता येईल. दोघांना चुकून एकच पत्ता दिला, तर चित्र कधी येते, कधी जाते आणि बिघाड कुठे आहे हे कळत नाही.

मग एका संगणकावर खास प्रोग्रॅम बसवतात. हा प्रोग्रॅम प्रत्येक रेकॉर्डरच्या पत्त्यावर जातो, नाव आणि पासवर्ड सांगतो आणि चित्रे मागतो. एकाच कंपनीचे रेकॉर्डर असतील, तर त्या कंपनीचा प्रोग्रॅम पुरतो. कंपन्या वेगळ्या असतील, तर दोन्ही यंत्रांना समजेल अशी सामाईक भाषा लागते. २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी मिळून अशा भाषेचे नियम ठरवण्यासाठी एक संस्था स्थापन केली. तिचे नाव ऑनव्हिफ. आज बाजारातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांच्या खोक्यांवर हे नाव छापलेले असते. खरेदी करताना ते पाहून घेतले, तर पुढचा बराच त्रास वाचतो.

आता थोडे गणित करू. समजा, एका कॅमेऱ्याचे स्पष्ट चित्र पाठवायला दर सेकंदाला ४ मेगाबिट माहिती लागते. ३६ कॅमेऱ्यांची मिळून १४४ मेगाबिट झाली. संगणकाकडे जाणारी साधी जोडणी सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणारी असेल, तर काय होईल? अरुंद गल्लीत एकदम पन्नास हातगाड्या शिरल्यावर जे होते तेच. चित्रे अडखळतात, थिजतात. चालणारा माणूस मध्येच गायब होऊन चार पावले पुढे दिसतो.

पण जरा पडद्याकडे पाहा. साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. त्यावर ३६ चित्रे दाखवायची, तर सहा ओळींत सहा-सहा चौकटी कराव्या लागतील. प्रत्येक चौकटीला आडवे ३२० आणि उभे १८० ठिपके मिळतील. म्हणजे फक्त ५७,६००. मग वीस लाख ठिपक्यांचे चित्र मागवून ते एवढ्याशा चौकटीत दाबण्यात काय अर्थ आहे?

म्हणून रेकॉर्डर एकाच कॅमेऱ्याची दोन चित्रे तयार ठेवतो, एक मोठे आणि एक लहान. लहान चित्राला सेकंदाला सुमारे अर्धा मेगाबिट पुरतो. ३६ लहान चित्रांना मिळून १८ मेगाबिट लागतात. गल्ली मोकळी राहते. पाहणाऱ्याने एखाद्या चौकटीवर दोनदा क्लिक केले की त्या एकाच कॅमेऱ्याचे मोठे चित्र येते. चांगले प्रोग्रॅम ही अदलाबदल आपोआप करतात. एका पडद्यावर सर्व काही दिसण्याचे रहस्य एवढेच आहे. ३६ चौकटींकडे एका माणसाने दिवसभर पाहत राहावे, ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. फाटक, जिना, मैदान अशा मोजक्या आठ-नऊ चौकटी मोठ्या करून ठेवाव्यात आणि बाकीच्या गरज पडेल तेव्हा उघडाव्यात.

पासवर्डविषयीही सांगायला हवे. अनेक रेकॉर्डर कारखान्यातून एकाच ठरलेल्या पासवर्डसह येत असत आणि मालक तो कधी बदलत नसत. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने याचाच फायदा घेतला. जगभरातले असे असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर त्याने गुपचूप ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांकडून एका मोठ्या इंटरनेट कंपनीवर एकदम हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास कोलमडल्या. पहाऱ्यासाठी ठेवलेली यंत्रेच चोराच्या हाती लागली होती!

चित्रे एकत्र आली, पण वेळा एकत्र आल्या नाहीत, तर काय होते? समजा, पहिलीतला एक मुलगा दुपारी घरी पोहोचला नाही. त्याची आई धावत शाळेत आली. मुख्य इमारतीच्या रेकॉर्डरमध्ये तो १२ वाजून ४१ मिनिटांनी जिना उतरताना दिसला. मग साहजिकच फाटकाचे चित्रण १२.४१ पासून पुढे पाहिले. अर्धा तास पाहूनही त्यात तो दिसला नाही. सर्वांना वाटले, मुलगा शाळेतच आहे. वर्ग, गच्ची, पाण्याची टाकी, सगळीकडे शोध सुरू झाला. प्रत्यक्षात तो केव्हाच बाहेर पडला होता. फाटकाच्या रेकॉर्डरचे घड्याळ ९ मिनिटे मागे होते. मुलगा बाहेर पडला १२.४५ ला, पण त्या चित्रावर वेळ होती १२.३६. तेवढा भाग कोणी पाहिलाच नाही.

अशा वेळी चित्रण फार दिवस टिकत नाही, हेही लक्षात घ्या. सेकंदाला ४ मेगाबिट या हिशेबाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा घेतो. १६ कॅमेरे सतत चालू असतील, तर ४ टेराबाइटची डिस्क सहा दिवसांच्या आतच भरते. मग रेकॉर्डर सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहितो.

घड्याळे जुळवण्याची सोय रेकॉर्डरमध्येच असते. इंटरनेटवरील वेळ सांगणाऱ्या केंद्राला तो ठरावीक काळाने वेळ विचारतो आणि आपले घड्याळ दुरुस्त करतो. भारताची प्रमाण वेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अणुघड्याळांच्या मदतीने राखली जाते. तीच वेळ इंटरनेटवरूनही मिळते. तिन्ही रेकॉर्डरना एकाच केंद्राचा पत्ता दिला की तिघांची वेळ जुळते.

इंटरनेट नसेल, तर एक सोपी युक्ती आहे. सेकंद दाखवणारे घड्याळ मोबाईलवर उघडा आणि तो मोबाईल प्रत्येक रेकॉर्डरच्या एका कॅमेऱ्यासमोर, अगदी जवळ, धरा. चित्रात दोन वेळा दिसतील, एक मोबाईलवरची आणि दुसरी रेकॉर्डरने कोपऱ्यात छापलेली. दोन्हींतला फरक कागदावर तारखेसह लिहा आणि तो कागद त्या रेकॉर्डरवर चिकटवून ठेवा.