लेक अडखळते, की अक्षर अडवतं?

भंडारा, तुमसर, साकोलीच्या कॉलेजात जाणारी आपली लेक वाचताना अडखळली की आपण म्हणतो, "हिचं लक्षच नाही." पण कधी कधी अडचण पुस्तकाच्या अक्षरात असते.

२००९ मध्ये राज्य शासनाने देवनागरी लिपीचे नियम नव्याने ठरवले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत 'विद्‌यार्थी' असं छापलं जाऊ लागलं. म्हणजे द चा पाय मोडायचा आणि य शेजारी लिहायचा. शाळेत तेच वळण मुलींच्या डोळ्यांत बसलं. कॉलेजच्या पुस्तकांत मात्र जुन्या वळणाचे 'विद्यार्थी' आणि 'बुद्धी' भेटतात. त्यांत दोन अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतात. सवयीच्या अक्षरावर डोळा धावतो, अनोळखी अक्षरावर थांबतो.

दुसरी अडचण दाटीची. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. ओळी फार जवळ छापल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. झेरॉक्स फिकी निघाली तर अनुस्वार उडतो आणि 'मंद' चा 'मद' होतो.

म्हणून आम्ही गटांना तीन गोष्टी सांगतो. लेक अडली तर आधी ते पान बघा. जुनी जोडाक्षरं वहीत सुटी करून तिच्याकडून लिहून घ्या. आणि पैसे वाचवायला दोन पानं एका पानावर बारीक करून झेरॉक्स काढू नका. चार रुपये वाचतील, पण डोळे शिणतील आणि अभ्यास मागे पडेल.