चोच नाही, पण चारा सापडला

बदकासारख्या चपट्या चोचीच्या डायनासोरांना हॅड्रोसॉर म्हणतात. १८५८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, हॅडनफिल्ड गावी सापडलेल्या हाडांवरून जोसेफ लायडी यांनी एका हॅड्रोसॉरला नाव दिलं. चीनचा शांटुंगोसॉरस तर जवळजवळ १५ मीटर लांब. पण त्यांची खरी करामत चोचीच्या मागे होती. जबड्यात शेकडो दात एकमेकांना चिकटून रचलेले असायचे. वरचे झिजले की खालून नवे यायचे. पाला या जात्यात दळूनच पोटात जायचा.

असं जनावर आपल्या विदर्भात होतं का? भारतात हॅड्रोसॉरचा खात्रीचा जीवाश्म मिळालेला नाही. हे कुळ फोफावलं ते उत्तरेकडच्या खंडांवर. त्या काळी आपला भूभाग मादागास्करपासून सुटून समुद्रातून उत्तरेला सरकत होता. मोरोक्कोत मात्र या कुळातलं एक जनावर सापडलं आहे, तेही समुद्र ओलांडून आलेलं असावं.

मग विदर्भात होतं तरी कोण? हिंगणघाटहून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलं की वरोऱ्याच्या आसपास पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावं आहेत. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात पिसदुऱ्याच्या हाडांची दखल घेतली. डोंगरगावच्या सांगाड्याचं वर्णन जैन आणि बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. तोच आजचा इसिसॉरस. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. हे टायटॅनोसॉर कुळ. त्यांचे दात बारीक, चघळण्याच्या कामाचे नाहीत. ओरबाडायचं आणि गिळायचं.

पिसदुऱ्याची खरी श्रीमंती मला हाडांपेक्षा तिथल्या दगड झालेल्या विष्ठेत वाटते. गवत मातीतली सिलिका शोषून पेशींत साठवतं. ते सूक्ष्म कण पोटातून सहीसलामत बाहेर पडतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना बहुधा टायटॅनोसॉरांच्या असलेल्या या विष्ठेत ताड, शंकुधारी झाडं आणि चक्क गवताचे किमान पाच प्रकार दिसले. २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये हे छापून आलं. तोवर गवताचा विस्तार डायनासोर संपल्यानंतरचा मानला जात होता, त्यामुळे डायनासोरांच्या चित्रांत गवत काढणं चूक ठरायचं.

पुढे २०११ मध्ये याच ठिकाणच्या कणांत भाताच्या गटातल्या गवतांची ओळख पटली. म्हणजे भाताचं घराणं आपला भूभाग आशियाला टेकण्याआधीच इथे नांदत होतं.