एका पेनीचे जेवण आणि युरोपचा चषक

दर वर्षी मे-जूनच्या सुमारास युरोपातील क्लब फुटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेचा अंतिम सामना खेळला जातो. आपल्याकडील असंख्य तरुण तो पाहण्यासाठी रात्र जागवतात. आज 'चॅम्पियन्स लीग' या नावाने ओळखली जाणारी ही स्पर्धा १९५५ साली सुरू झाली. १९९२ पर्यंत तिचे नाव 'युरोपियन कप' असे होते. तिच्या इतिहासात अनेक संस्मरणीय अंतिम सामने झाले आहेत. त्यांपैकी एका सामन्याची ओळख आम्ही आज वाचकांना करून देऊ इच्छितो, कारण त्या सामन्यामागील कथेचा आरंभ मैदानावर झालेला नसून एका चर्चच्या सभागृहात आणि भुकेल्या मुलांच्या पंगतीत झालेला आहे.

हा सामना २५ मे १९६७ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील राष्ट्रीय स्टेडियममध्ये खेळला गेला. एका बाजूला इटलीतील मिलान शहराचा बलाढ्य इंटर संघ होता, तर दुसऱ्या बाजूला स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचा सेल्टिक संघ.

ब्रदर वॉलफ्रिड यांचे कार्य

सेल्टिकची कथा समजून घेण्यासाठी आपल्याला आयर्लंडमध्ये जावे लागेल. १८४५ पासून काही वर्षे तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ ओढवला. लाखो लोक मृत्युमुखी पडले व लाखोंनी देश सोडला. त्यांतील अनेक कुटुंबे ग्लासगोच्या पूर्व भागात येऊन स्थायिक झाली. गिरण्या, गोद्या आणि कारखाने यांत मिळेल ते काम त्यांनी पत्करले. ही माणसे बहुसंख्येने कॅथोलिक होती, तर भोवतालचा समाज मुख्यत्वे प्रोटेस्टंट होता. दारिद्र्य, दाटीवाटीची वस्ती आणि परकेपणाची वागणूक हे त्यांच्या वाट्याला आलेले जीवन होते.

याच वस्तीतील सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक होते ब्रदर वॉलफ्रिड. त्यांचे मूळ नाव अँड्र्यू केरिन्स. १८४० साली आयर्लंडमधील स्लायगो परगण्यात त्यांचा जन्म झाला आणि तरुणपणी ते मारिस्ट बंधुसंघात दाखल झाले. उपाशीपोटी शाळेत येणारे मूल अभ्यासात लक्ष घालू शकत नाही, हे त्यांनी रोज पाहिले होते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या साहाय्याने त्यांनी गरीब मुलांसाठी स्वस्त जेवणाची सोय केली. एका पेनीत मुलाला पोटभर जेवण मिळे. आपल्या अनेक धर्मग्रामांत कार्यरत असलेल्या या संस्थेचे नाव वाचकांना परिचित आहेच.

परंतु रोजच्या जेवणाला पैसा लागतो, आणि गरीब वस्तीतून तो उभा राहणे कठीण होते. त्या काळात स्कॉटलंडमध्ये फुटबॉल झपाट्याने लोकप्रिय होत होता. एडिंबरो येथील आयरिश कॅथोलिकांनी स्थापन केलेल्या हिबर्नियन क्लबने १८८७ साली स्कॉटिश चषक जिंकला. सामन्यांच्या तिकिटांतून मुलांच्या जेवणाचा खर्च भागू शकेल, हा विचार ब्रदर वॉलफ्रिड यांनी उचलून धरला. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात सभा भरली आणि क्लबची स्थापना झाली. आयरिश व स्कॉटिश या दोन्ही समाजांचे मूळ एका प्राचीन वंशात असल्याचे सुचविणारे 'सेल्टिक' हे नाव ब्रदर वॉलफ्रिड यांनीच सुचविले. २८ मे १८८८ रोजी क्लब आपला पहिला सामना खेळला आणि त्यात त्याने रेंजर्सच्या संघाचा ५-२ असा पराभव केला.

पुढील इतिहास मात्र निर्मळ नाही, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. १८९२ साली ब्रदर वॉलफ्रिड यांची लंडनला बदली झाली आणि १८९७ साली क्लबचे रूपांतर कंपनीत झाले. यश वाढले तसा नफ्याचा विचारही वाढला, आणि ज्या पंगतीसाठी हा खटाटोप सुरू झाला होता, तिच्याकडे जाणारा पैशांचा ओघ आटला.

मैदानातील भिंत

ग्लासगोतील धार्मिक दरीही रुंदावत गेली. रेंजर्स हा प्रोटेस्टंटांचा आणि सेल्टिक हा कॅथोलिकांचा संघ असे समीकरण दृढ झाले. अनेक दशके रेंजर्सने कॅथोलिक खेळाडूंना दूर ठेवले. ही प्रथा उघडपणे मोडली ती १९८९ साली. सामन्यांच्या निमित्ताने परस्परांच्या श्रद्धेची निंदा करणारी गाणी दोन्हीकडून म्हटली जात, मारामाऱ्या होत.

सेल्टिकने मात्र आपल्या खेळाडूंवर धर्माची अट घातली नाही. १९३६ साली कोलकात्याचा मोहम्मद सलीम हा मुस्लिम खेळाडू सेल्टिकच्या राखीव संघाकडून खेळला. पायांना केवळ पट्ट्या गुंडाळून, बुटांविना खेळणाऱ्या या भारतीयाचे कौशल्य पाहून प्रेक्षक चकित झाले होते.

मार्च १९६५ मध्ये क्लबने जॉक स्टीन यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक केली. स्टीन हे एकेकाळचे कोळसा खाणकामगार आणि सेल्टिकचे माजी कर्णधार. ते प्रोटेस्टंट होते. त्यांच्या आधी क्लबचे सर्व प्रशिक्षक कॅथोलिक होते, त्यामुळे ही नेमणूक साधी नव्हती. स्टीन यांच्या संघात कॅथोलिक व प्रोटेस्टंट खेळाडू खांद्याला खांदा लावून खेळले. लिस्बनच्या मैदानात उतरलेल्या अकरा जणांत दोन्ही पंथांचे तरुण होते, आणि ते सर्व जण ग्लासगोतील आपल्या मैदानापासून सुमारे तीस मैलांच्या परिघात जन्मलेले होते. आजच्या काळात, जेव्हा एकेका संघात अनेक देशांचे खेळाडू असतात, तेव्हा ही गोष्ट अविश्वसनीय वाटते.

अडसर आणि आक्रमण

१९६७ पूर्वीच्या अकराही स्पर्धा स्पेन, पोर्तुगाल आणि इटली या तीन देशांतील क्लबांनीच जिंकल्या होत्या. इंटरने १९६४ व १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे चषक पटकावला होता. त्यांचे प्रशिक्षक हेलेनियो हेरेरा यांची खेळण्याची पद्धत 'कातेनाच्चो' या नावाने प्रसिद्ध होती. या इटालियन शब्दाचा अर्थ दाराचा अडसर. प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक आक्रमकामागे एक बचावपटू लावायचा आणि त्या सर्वांच्या मागे आणखी एक मोकळा खेळाडू ठेवायचा. कोणी निसटलाच तर त्याला हा शेवटचा माणूस अडवी. एखादा गोल करावा आणि मग दार घट्ट लावून घ्यावे, अशी ही रीत होती.

सामन्याच्या सातव्याच मिनिटाला सेल्टिकच्या जिम क्रेगने गोलक्षेत्रात इंटरच्या कापेलिनीला पाडले. जर्मन पंचांनी पेनल्टी दिली आणि माझोलाने गोल केला. इंटरने अडसर लावला.

त्यानंतर जे घडले त्यामुळे हा सामना अजरामर झाला. सेल्टिकचे खेळाडू लाटेमागून लाट यावी तसे चालून गेले. दोन वेळा चेंडू गोलच्या आडव्या दांडीवर आदळून परतला. इंटरचा गोलरक्षक सार्ती याने एकामागून एक फटके अडवले. मध्यंतरापर्यंत बरोबरी झाली नाही.

त्रेसष्टाव्या मिनिटाला उजव्या बाजूने एक बचावपटू चेंडू घेऊन पुढे आला आणि त्याने तो मागे सरकवला. डाव्या बाजूचा बचावपटू टॉमी गेमेल धावत आला आणि त्याच्या जोरदार फटक्याने चेंडू जाळ्यात विसावला. तो पास देणारा खेळाडू होता जिम क्रेग. ज्याच्या चुकीने संघ मागे पडला, त्याच्याच पायांतून बरोबरीचा मार्ग निघाला. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला मर्डॉकने मारलेल्या चेंडूला स्टीव्ही चामर्सने वाटेत दिशा दिली आणि सेल्टिकने २-१ असा विजय मिळवला. युरोपियन कप जिंकणारा हा ब्रिटनमधील पहिला क्लब ठरला. प्रेक्षकांनी मैदानात एकच गर्दी केली. परिणामी सर्व खेळाडूंना एकत्र चषक स्वीकारता आला नाही. कर्णधार बिली मॅकनीलने व्यासपीठावर चढून तो उंचावला.

तो दिवस कोणता होता?

या सामन्याच्या तारखेकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. १९६७ साली पास्खाचा सण २६ मार्चला होता. त्यामुळे २५ मे, गुरुवार, हा ख्रिस्ताच्या परमपवित्र शरीराचा सण होता. आपल्याकडे हा सण आता रविवारी साजरा होतो. त्या काळी मात्र स्कॉटलंडमधील भाविकांना त्या गुरुवारी मिस्सामध्ये सहभागी होणे बंधनकारक होते. म्हणून ग्लासगोहून आलेले अनेक कॅथोलिक चाहते सकाळी लिस्बनच्या चर्चमध्ये मिस्साला गेले आणि सायंकाळी स्टेडियममध्ये.

परमेश्वराने एका संघाची बाजू घेतली, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. इंटरचे खेळाडूही कॅथोलिक देशातूनच आलेले होते, आणि प्रार्थना ही गोल मिळविण्याची युक्ती नव्हे. आम्हाला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. भुकेल्या मुलांना भाकर मिळावी म्हणून जन्मलेल्या क्लबने आपले सर्वोच्च यश जीवनाच्या भाकरीच्या सणादिवशी मिळवले. हा योगायोग असेल, परंतु तो आपल्याला क्लबच्या उगमाकडे घेऊन जातो. भुकेल्यांस अन्न देणे हे दयेच्या शारीरिक कार्यांतील पहिले कार्य. वेदीवर मोडलेली भाकर आणि शाळेतील पंगत यांचे नाते ब्रदर वॉलफ्रिड यांना ठाऊक होते.

ब्रदर वॉलफ्रिड यांनी १९१५ साली देह ठेवला. लिस्बनचा विजय त्यांनी पाहिला नाही. २००५ साली क्लबच्या मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभारण्यात आला, आणि क्लबचे धर्मादाय कार्यही आता पुन्हा स्वतंत्र संस्थेमार्फत चालते. मॅकनील आणि चामर्स हे दोघेही एप्रिल २०१९ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने निवर्तले. ग्लासगोतील पंथद्वेष कमी झाला असला तरी पूर्णपणे मिटलेला नाही.

आपल्या धर्मग्रामांतही फुटबॉलच्या स्पर्धा होतात, चषक दिले जातात, गावागावांतील ईर्ष्या कधी कधी भांडणापर्यंत पोहोचते. अशा वेळी दोन प्रश्न आपण स्वतःला विचारावेत असे आम्हाला वाटते. या खेळातून कोणाच्या ताटात अन्न पडले? आणि ज्याच्याशी आपले पटत नाही, तो आपल्या संघात खेळू शकतो का? चषक काचेच्या कपाटात राहतात. एका पेनीच्या जेवणाची आठवण मात्र सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही लोक सांगत आहेत.