एका विकराची उणीव

दिवाळी उलटली की नागपूरच्या घराघरांत पेट्यांच्या तळाशी ठेवलेल्या दुलया आणि लोकरीचे कपडे बाहेर निघतात, आणि त्यांच्याबरोबर डांबरगोळ्यांचा उग्र वास घरभर पसरतो. बहुतेकांना त्या वासाने फार तर शिंक येते. परंतु ज्याच्या रक्तात एक विशिष्ट विकर जन्मतःच कमी आहे अशा तान्ह्या मुलाला त्याच कपड्यांत गुंडाळले, तर काही दिवसांत ते पिवळे पडू शकते आणि कावीळ मेंदूला इजा करण्यापर्यंत वाढू शकते. डांबरगोळीतील नॅप्थलीनचा हा दोष वैद्यकाच्या ग्रंथांत कित्येक दशकांपासून नमूद आहे. आजीबाईच्या बटव्यापर्यंत तो अद्याप पोहोचलेला नाही.

या विकराचे नाव लांबलचक आहे : ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज. डॉक्टर मंडळी त्याला 'जी-सिक्स-पीडी' म्हणतात. त्याचे काम समजण्यासाठी स्वयंपाकघरातील लोखंडी तवा डोळ्यांसमोर आणावा. ज्या प्राणवायूवर जीव जगतो तोच प्राणवायू लोखंडाला गंज चढवितो. रक्ताची तांबडी पेशी तर लोह आणि प्राणवायू दोन्ही पोटाशी धरून सुमारे १२० दिवस शरीरभर फिरते. ती आतून 'गंजू' नये म्हणून ग्लुटाथिऑन नावाचा एक पहारेकरी तिच्यात असतो. घातक ऑक्सिडीकारक रेणूंना निष्प्रभ करताना हा पहारेकरी स्वतः खर्ची पडतो, आणि त्याला पुन्हा ताजातवाना करण्यास एनएडीपीएच हे द्रव्य लागते. इतर पेशींना ते मिळविण्याच्या अन्य वाटा आहेत. तांबड्या पेशीला मात्र ना केंद्रक, ना तंतुकणिका. तिच्यापाशी एकच वाट, आणि त्या वाटेच्या तोंडाशी हे विकर बसलेले. केंद्रक नसल्यामुळे ते झिजले तर नवे घडविण्याची सोयही नाही. म्हणूनच म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात.

एरवी अशा व्यक्तीला कसलाही त्रास नसतो. ती शेतात राबते, परीक्षा देते, नोकरी करते. ऑक्सिडीकरणाचा ताण अकस्मात वाढविणारे एखादे औषध पोटात गेले की मात्र पेशी भराभर फुटू लागतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते.

हे कोडे उलगडले ते हिवतापाच्या औषधामुळे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग चालत. (बंदिवानाची संमती कितपत खरी, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही.) प्रायमाक्वीन घेतल्यावर काही कैद्यांचेच रक्त का फुटते, हे शोधताना संशोधकांनी अशा कैद्याच्या पेशी किरणोत्सर्गी क्रोमियमने चिन्हांकित करून निरोगी माणसाच्या शरीरात घातल्या. औषध देताच नेमक्या त्या पाहुण्या पेशीच फुटल्या. दोष यकृतात नाही, रक्तरसात नाही, पेशीतच आहे हे त्यावरून ठरले; आणि १९५६ मध्ये कार्सन, ऑल्विंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दोषाला विकराच्या उणिवेचे नाव दिले.

आपल्याकडे मुंबईतील पारशी समाजात ही उणीव आढळल्याचे बक्षी, सांघवी आदी संशोधकांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. या विकराच्या एका सदोष प्रकाराला आपल्या कल्याण शहराचेच नाव मिळाले. पुढे केरळात सापडलेला प्रकार आणि हा एकच असल्याचे सिद्ध झाल्यावर त्याचे नाव 'केरळ-कल्याण' असे जोडून लिहिले जाऊ लागले. जगात ४० कोटींहून अधिक लोकांत ही उणीव असावी असा अंदाज आहे, आणि जेथे हिवताप पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसला तेथेच ती अधिक आढळते. कारण अशा पेशीत हिवतापाच्या जंतूचाही नीट निभाव लागत नाही.

विदर्भाला हा हिशेब अपरिचित नाही. सिकलसेलचा दोषही हिवतापाच्या छायेतच टिकून राहिला, आणि मध्य भारतातील त्याची नोंद नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये केली. आज गडचिरोली हा महाराष्ट्रातील सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्हा आहे. व्हायव्हॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. त्यांना तेथून उखडण्यासाठी प्रायमाक्वीन १४ दिवस द्यावे लागते. याच पट्ट्यात कुष्ठरोगही आहे, आणि त्यावरील बहुविध उपचारातील डॅप्सोन हे औषधही याच पेशींवर ताण आणते. दोन्ही औषधे मोलाची आहेत; भीतीपोटी ती नाकारणे हा रोगाहून मोठा अनर्थ ठरेल. पण बहुतेक ठिकाणी गोळी आधी मिळते आणि लघवी काळी झाली तर थांबा, एवढीच सूचना तिच्यासोबत असते. दूरच्या पाड्यात ही सूचना कोणत्या बोलीत, किती स्पष्टपणे दिली जाते आणि काळी लघवी पाहून माणूस किती कोस चालत आरोग्य केंद्र गाठतो, यावर जीव अवलंबून ठेवणे बरे नव्हे.

विकराची चाचणी बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर होऊ शकते. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ७ कोटी लोकांच्या रक्ततपासणीचे उद्दिष्ट आहे. आरोग्यसेवक दारात येतो, सुई टोचतो, कार्डावर नोंद करतो. त्याच खेपेत दुसरा थेंब घेण्यास खर्च लागेल हे खरे, परंतु पाड्यापर्यंतची पायपीट तर झालेलीच असते. अर्थात चाचणीलाही तिच्या मर्यादा आहेत. झटका येऊन गेल्यावर लगेच तपासले तर म्हाताऱ्या पेशी फुटून गेलेल्या आणि उरलेल्या तरुण पेशींत विकर पुरेसे, त्यामुळे अहवाल निर्दोष येऊ शकतो. हा दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत तो उघड दिसतो. स्त्रीच्या अंगी मात्र सदोष व निर्दोष पेशींची सरमिसळ असते आणि साधी चाचणी तिला सहज निर्दोष ठरवून मोकळी होते. उणीव सापडली तरी उपचाराचे दार बंद होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशांसाठी वैद्यकीय देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे प्रायमाक्वीन देण्याचा पर्याय सुचविलेला आहे.

एक धास्ती मात्र अस्थानी नाही. सिकलसेलच्या कार्डाने विदर्भात अनेक सोयरिकी मोडल्या आहेत. या विकराची नोंदही उद्या पत्रिकेशेजारी मांडली जाऊ लागली, तर लोक तपासणीच टाळतील. वास्तविक येथे सोयरीक मोडण्याजोगे काहीच नाही. बहुसंख्यांना जन्मभर एवढेच सांभाळायचे असते : काही मोजकी औषधे, आणि घरात तान्हे मूल आले तर पेटीतील डांबरगोळ्या.