पाटण नेमकं कुठलं? तुमचा शोधनिबंध यंत्राला वाचता येतो का?

साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात एक गुलाबी तुरा फुलतो. दोन फांद्यांचा, इंग्रजी वाय अक्षरासारखा, म्हणून त्याचं नाव वायतुरा. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटन सातारेन्सिस. १९८२ साली ही जात नव्याने नोंदवली गेली आणि साताऱ्याचं नाव तिला कायमचं चिकटलं.

आता समजा, गाइडने तुम्हाला विचारलं, "ही वनस्पती आजवर कुठे कुठे आणि कधी दिसली?" माहिती आहे, पण प्रबंधांत आणि नियतकालिकांत विखुरलेली. अशाच एका कामासाठी मी अख्खा उन्हाळा पीडीएफ उघडून एक्सेलमध्ये आकडे टाइप करण्यात घालवलाय. ते संशोधन नव्हतं, नुसती हमाली होती.

असं का होतं? पीडीएफ फाइलला मुख्यतः एवढंच ठाऊक असतं की कुठलं अक्षर पानावर कुठे छापायचं. ते अक्षर वनस्पतीच्या नावातलं आहे की गावाच्या, हे तिला कळत नाही. स्कॅन केलेलं पान तर निव्वळ फोटो. आपण अंदाजाने वाचतो, यंत्राला सगळं सांगावं लागतं. नेहमी अडतं ते इथे:

१. ठिकाण. तुम्ही लिहिता "पाटण". तुमच्या मनात कोयनेकाठचं पाटण असतं, यंत्र ते गुजरातेत नेऊन ठेवतं. "खानापूर" सांगली जिल्ह्यातही आहे आणि बेळगावातही. अक्षांश-रेखांश दिले की वाद मिटतो.

२. नाव. पहिल्यांदा पूर्ण नाव, पुढे सगळीकडे "ए. सातारेन्सिस". त्या "ए"ने सुरू होणाऱ्या प्रजाती कितीतरी. तक्त्यात तरी दर ओळीला पूर्ण नाव लिहा.

३. तक्ता. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही तिच्यातल्या कुरकुमिनचं प्रमाण मोजलंत आणि तक्ता चित्र म्हणून चिकटवलात, तर पुढच्या माणसाला प्रत्येक आकडा हाताने उतरवावा लागणार. एक दशांश चिन्ह चुकलं की संपलं.

४. फॉन्ट. मराठीतले जुने प्रबंध अनेकदा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर सुंदर मराठी दिसते, कॉपी केली की अगम्य चिन्हं. शोध घेतला तर त्यातला एकही शब्द सापडत नाही.

यूजीसीच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध ऑनलाइन ठेवणं सुरू झालं, 'शोधगंगा'मुळे ते घरबसल्या मिळू लागले. मोठीच सोय झाली. पण फाइल मिळणं वेगळं आणि तिच्यातली माहिती यंत्राला कळणं वेगळं. त्यासाठी ठरलेल्या पद्धती आहेत. जीवसृष्टीच्या नोंदींसाठी 'डार्विन कोअर': जातीचं नाव, तारीख, अक्षांश, रेखांश, प्रत्येकाला ठरलेल्या नावाचा स्वतंत्र रकाना. २०१६ मध्ये मांडलेली 'फेअर' तत्त्वं सांगतात की माहिती सापडावी, मिळावी, इतर माहितीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या आहेत. उद्या दुसऱ्या एखाद्या सड्याबद्दल निर्णय घ्यायची वेळ आली, तर लोक आधी तयार डेटाबेस बघणार. तिथे नोंद नसेल तर सडा रिकामा समजला जाईल. "नोंद नाही" आणि "वनस्पती नाही" यांतला फरक तेव्हा कोण सांगणार? तुमची नोंद पान १४७ वरच्या चित्रात अडकलेली असेल.

म्हणून सुरुवातीपासून एवढं करा. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. एका रकान्यात एकच गोष्ट लिहा, एकक शीर्षकात. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी. ऑर्किड क्रमांक काढून ठेवा, म्हणजे तुमच्याच नावाच्या दुसऱ्या कुणाशी गल्लत होणार नाही. मूळ आकडे सीएसव्ही फाइलमध्ये झेनोडोसारख्या ठिकाणी ठेवा. तिथे त्या फाइलला स्वतःचा डीओआय मिळतो. मात्र दुर्मीळ वनस्पतीचं अचूक ठिकाण उघड करू नका, अक्षांश-रेखांश मुद्दाम ढोबळ द्या आणि तसं केल्याचं नमूद करा.

आज आपल्याच एका पीडीएफमधला तक्ता कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवून बघा. जे दिसेल, तेच तुमच्यानंतर येणाऱ्याच्या वाट्याला येणार आहे.